राजकारण करू नका, म्हणजे नेमकं काय करू नका?

दिवाळीनंतर आमच्या भागातल्या एका व्याख्यानमालेत एका ज्येष्ठ गृहस्थांचं भाषण ऐकलं आणि त्या रात्री झोप लागली नाही. प्रशासनात हयात घालवलेला माणूस. विषय सप्टेंबर 2025च्या महापुराचा. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. पाऊस सरकारने पाडलेला नाही. मदत नियमात बसेल तेवढीच देता येते. आज टीका करणारे सत्तेवर होते तेव्हा त्यांनी तरी काय वेगळं केलं होतं? टीकेमुळे रात्रंदिवस राबणारे कर्मचारी खचतात. आणि मुख्य म्हणजे, माणसं पाण्यात असताना मदतीवर टीका करणं हे मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं आहे; राजकारण नंतर करा. या शेवटच्या वाक्यावर सभागृहात टाळ्या पडल्या. माझा खरा राग त्या टाळ्यांवर आहे.

किरकोळ मुद्दे आधी संपवतो. पाऊस सरकारने पाडला असं कुणीच म्हटलेलं नाही. वाद पाऊस पडून गेल्यानंतरच्या दिवसांबद्दल आहे. टीका करणारे सत्तेत असताना तसेच वागले असतील, तर त्यांनाही जाब विचारा; त्यामुळे आजचा प्रश्न खोटा ठरत नाही. राहता राहिले कर्मचारी. गुडघाभर चिखल तुडवत पंचनामे करणाऱ्या तलाठ्याला किंवा कृषी सहायकाला कुणी शिवीगाळ केली असेल तर ते चूकच आहे. पण हेक्टरी दर तलाठी ठरवत नाही. तो मंत्रालयात ठरतो.

आता 'नंतर करा' या वाक्याकडे येतो. नंतर म्हणजे कधी, हे त्या गृहस्थांनी सांगितलं नाही. मी सांगतो.

ऑगस्ट 2022मध्ये राज्य सरकारने अतिवृष्टीच्या मदतीचे दर वाढवले होते. जिरायत पिकाला हेक्टरी 6,800 मिळत, त्याचे 13,600 झाले. मर्यादा दोन हेक्टरांची होती, ती तीन झाली. पुढे केंद्राच्या आपत्ती निधीचा दर 8,500 झाला, तरी त्यानंतरही राज्याने 13,600चा वाढीव दर लावला. मग मे 2025च्या अखेरीस एक शासन निर्णय निघाला आणि राज्य पुन्हा केंद्राच्या निकषावर आलं: जिरायतीला 8,500, बागायतीला 17,000, फळबागेला 22,500, आणि मर्यादा परत दोन हेक्टर. त्या आठवड्यात सीना नदीला सप्टेंबरसारखा महापूर नव्हता.  राजकारण करायला याहून निवांत वेळ कुठली असणार? पण तेव्हा किती जण बोलले? मीही बोललो नाही. शेतकरी पेरणीच्या घाईत होता, बी-बियाण्यांच्या भावात अडकला होता. संकट नसताना संकटाच्या मदतीचे दर कोण वाचत बसतो?

माझ्या मावसभावाची तीन हेक्टर जमीन माढा तालुक्यात सीनेकाठी आहे. सोयाबीन आणि उडीद, सगळं जिरायत. आधीच्या दराने त्याला 40,800 मिळाले असते. मे महिन्यातल्या कागदाने त्याचे 17,000 झाले. मदत निम्म्याहून खाली आली आणि त्याला ते कळलंसुद्धा नाही. कळलं ते सप्टेंबरात, पाणी ओसरल्यावर, पंचनाम्याला आलेल्या माणसाच्या तोंडून. आता मला सांगा, त्याने कधी बोलायला हवं होतं? मे महिन्यात त्याला माहीत नव्हतं आणि सप्टेंबरात बोलायची मनाई आहे. 'नंतर' नावाचा महिना गरिबाच्या पंचांगात नसतो. पुराच्या आधी त्याचं कुणी ऐकत नाही. पूर ओसरून दोन महिने झाले की वर्तमानपत्रांचं पहिलं पान दुसऱ्या विषयाकडे वळलेलं असतं. मधले चार-पाच आठवडेच काय ते त्याचे. नेमक्या त्याच आठवड्यांत त्याने तोंड मिटून घ्यावं असं सांगणारा माणूस तटस्थ नसतो. मे महिन्यात निघालेल्या कागदाच्या बाजूने तो उभा असतो, त्याला ते कळो अगर न कळो.

सीना ही अवर्षणी पट्ट्यातली नदी. उन्हाळ्यात तिच्या कोरड्या पात्रातून माणसं चालत पलीकडे जातात. त्या नदीने सप्टेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात लांबोटीजवळ पुणे-सोलापूर महामार्ग बंद पाडला. परंडा तालुक्यात माणसं हेलिकॉप्टरने काढावी लागली. मावसभावाच्या रानातली काळी माती गेली, खाली मुरूम आणि गोटे उघडे पडले. पीक बुडालं तर पुढच्या हंगामाची आशा तरी असते. रानच खरवडून गेलं तर पेरायचं कशात? अशा माणसाच्या हातात हेक्टरी 8,500 म्हणजे गुंठ्यामागे 86 रुपये ठेवायचे आणि वर त्याला सभ्यतेचा धडा द्यायचा, हे मला सहन होत नाही. त्याच दिवसांत पाहणीच्या दौऱ्यात कर्जमाफीचं विचारणाऱ्या शेतकऱ्याला राजकारण करू नको म्हणून गप्प करण्यात आलं. महाराष्ट्राने ते पाहिलं. ज्याच्या सोयाबीनला पाण्यात मोड आले, त्याने कर्जाचं विचारलं तर ते राजकारण कसं?

मग टीका झाली. विरोधकांनी केली, शेतकरी संघटनांनी केली, सत्ताधारी पक्षांतल्या काही आमदारांनीही दबक्या आवाजात केली. हेक्टरी 50,000 मागितले गेले, ओला दुष्काळ जाहीर करा म्हटलं गेलं. यातलं काही निवडणुकांवर डोळा ठेवून होतं, हे मी नाकारत नाही. पण परिणाम बघा. 7 ऑक्टोबरला 31,628 कोटींचं पॅकेज जाहीर झालं. दोन हेक्टरांची मर्यादा पुन्हा तीनवर गेली. ठरलेल्या दरावर रब्बीसाठी हेक्टरी 10,000 वाढले, म्हणजे जिरायतीला 18,500. खरवडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी 47,000 रोख आणि तीन लाखांची कामं रोजगार हमीतून. गाळाने बुजलेल्या विहिरीला 30,000. 'ओला दुष्काळ' हा शब्द नियमपुस्तकात नाही म्हणून तो सरकारने उच्चारला नाही, पण दुष्काळाच्या सवलती लागू केल्या: जमीन महसुलात सूट, कर्जाचं पुनर्गठन, परीक्षा शुल्काची माफी. मागितलं तेवढं मिळालं नाही. पण सप्टेंबरच्या चौथ्या आठवड्यात जे नियमात बसत नव्हतं, ते 7 ऑक्टोबरला बसलं. 'नियमात बसेल तेवढीच' या मुद्द्याचा निकालही इथेच लागतो. केंद्राचा निकष म्हणजे त्या निधीतून किती खर्च करता येईल याची मर्यादा. राज्याने पदरचे पैसे घालायला त्याने कधीच अडवलेलं नाही. राज्याने 2022मध्ये घातले, 2025च्या ऑक्टोबरात घातले. मधल्या मे महिन्यात घातले नाहीत, कारण विचारणारं कुणी नव्हतं.

हा वाद मी पहिल्यांदा ऐकत नाही. ऑगस्ट 2019मध्ये कृष्णा-पंचगंगेने सांगली-कोल्हापूर बुडवलं, तेव्हा 7 तारखेचा एक शासन निर्णय गाजला होता. घर दोन दिवसांहून जास्त पाण्यात राहिलं तर कुटुंबाला दहा किलो गहू आणि दहा किलो तांदूळ. लोक भडकले. त्यावर उत्तर आलं की पूर्वी ही अट सात दिवसांची होती, आम्ही ती दोनवर आणली. मला त्या उत्तराने जास्त हादरवलं. घर सात दिवस पाण्यात राहिल्याशिवाय पसाभर धान्य नाही, असा नियम या राज्यात होता आणि तो कुणाच्या डोळ्यांवर आला नव्हता! लोकांनी तो कागद पाण्यात उभं राहून मोठ्याने वाचला म्हणून तर आपल्याला सात दिवसांचं कळलं. तेव्हाही धान्याच्या पिशव्यांवर पुढाऱ्यांचे चेहरे छापले होते, 2025मध्येही होते. फोटो बघू नका, आतलं सामान बघा, असं समर्थन झालं. संकटात राजकारण नको हा नियम असेल, तर तो आधी त्या पिशव्यांना लावा. त्या गृहस्थांच्या तासाभराच्या भाषणात पिशव्यांबद्दल एक शब्द नव्हता.

त्याहून जुनं उदाहरण 1972च्या दुष्काळाचं. तेव्हाही शहाणी माणसं म्हणतच होती की आधी दुष्काळ निभावू, मागण्या मागाहून. पण मोर्चे निघाले, बायका रस्त्यावर आल्या, कामं काढा, मजुरी वाढवा, सुकडी नीट द्या म्हणून तहसील कचेऱ्या दणाणल्या. मे 1973च्या सुमाराला जवळपास 50 लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. त्या रेट्यातून रोजगार हमी योजनेला बळ आलं, 1977मध्ये तिचा कायदा झाला, आणि 2005मध्ये देशाने तोच विचार उचलला. खरवडलेल्या जमिनीसाठीचे ते हेक्टरी तीन लाख याच रोजगार हमीतून धरले होते. त्या गृहस्थांनी पॅकेजचं कौतुक करताना हा आकडा दोनदा सांगितला. तो त्यांच्या हाती आला, कारण पन्नास वर्षांपूर्वी दुष्काळ चालू असताना कुणीतरी गप्प बसायला नकार दिला होता.

मग टीका कशी असावी, असं कुणी विचारेल. मंत्र्याच्या बुटाला चिखल लागला की नाही, यावर चाललेल्या चर्चेत मला रस नाही. टीका कागदावर असावी. पंचनाम्याची प्रत शेतकऱ्याला मिळाली का? नुकसान 33 टक्क्यांच्या खाली दाखवून किती जणांना वगळलं? ई-केवायसी आणि फार्मर आयडीपायी किती खाती अडकली? याद्या चावडीवर लागल्या का? पॅकेजच्या आकड्यातलं नवं किती आणि आधीच्या योजनांचं किती? एवढं जो विचारतो तो मदतीच्या आड येत नाही. त्याचा पक्ष कुठलाही असो, तो मदत पोहोचवतोच आहे.

मावसभावाच्या रानात अजून मुरूमच आहे. माती आणून टाकायची तर तळ्यातला गाळ लागेल, टिपर लागेल, डिझेल लागेल. तो हिशेब त्याचा तो करील. वाचकांना माझी विनंती वेगळी आहे. तुमच्या गावच्या ग्रामसभेत पूरमदतीची यादी मोठ्याने वाचायला लावा. आणि यापुढे दर मे महिन्यात, नदी कोरडी असताना, मदतीच्या दराचा नवा शासन निर्णय निघाला आहे का ते तलाठी कार्यालयात जाऊन विचारा.