आईचे माहेरचे नाव

आमच्या भाजे गावच्या लेण्यांत पाण्याच्या एका टाक्यावर ब्राह्मी लिपीत दान देणाऱ्याचे नाव कोरलेले आहे : महारठी कोसिकीपुत विण्हुदत. कोसिकीपुत म्हणजे कोसिकीचा मुलगा. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या माणसाने आपली ओळख आईवरून सांगितली आणि ती कातळात कोरून सगळ्यांसमोर ठेवली. घरी कोणी पाहुणे आले की मी त्यांना ते टाके दाखवायला नेतोच.

गेल्या आषाढात शेजारच्या वहिनी फोन घेऊन धावत आल्या. पावसाळ्यात धबधब्याला येणाऱ्या मंडळींना त्या माडीवरच्या दोन खोल्या देतात, त्यामुळे खात्यात सतत पैसे येत-जात असतात. बँकेच्या नावाने मेल आला होता : केवायसी अपुरी आहे, चोवीस तासांत खाते गोठवले जाईल, खालच्या लिंकवर माहिती भरा. वहिनींनी पॅन भरला, जन्मतारीख भरली, आईचे माहेरचे नाव भरले, कार्डाचा नंबर भरला. ओटीपी मागितला तेव्हा मात्र हात अडखळला.

“पण भाऊजी, आईचं माहेरचं नाव विचारलंय. हे बँकेशिवाय कोण विचारणार?”

या प्रश्नाने मला गलबलून आले. खऱ्याची म्हणून जी खूण त्या ओळखत होत्या, तीच चोराने उचलली होती.

मी पाठवणाऱ्याच्या नावावर बोट टेकवले. बँकेच्या नावामागचा खरा पत्ता उघडला. तो शेवटाकडून वाचायचा. पाकिटावर जसे आधी घर, मग गाव आणि शेवटी तालुका-जिल्हा लिहितो, तसेच इथेही असते. या पत्त्यात सुरुवातीला बँकेचे नाव होते, जिल्हा मात्र भलताच. रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपली संकेतस्थळे ‘डॉट बँक डॉट इन’ या शेपटावर न्यायला सांगितले, ते याचसाठी. तरी मेलमधला पाठवणाऱ्याचा पत्ताही बनावट घालता येतो. म्हणून लिंकला हात न लावता कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरावर आपणच फोन लावावा.

आम्ही तो लावणार, इतक्यात वहिनी हळूच म्हणाल्या, “ह्यांना कळायला नको. थोडं थांबू या का?”

फसवणुकीत सगळ्यात महाग पडते ती ही लाज. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात म्हटले होते की, गुप्त माहिती ग्राहकानेच दिली असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे आणि कळवल्यानंतरचे बँकेचे. म्हणजे घरच्यांपासून लपवण्यात गेलेल्या एकेका मिनिटाची किंमत आपण मोजतो. पैसे गेलेच असतील, तर लगेच १९३० वर फोन करावा. रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्याआधी अडवली जाण्याची आशा तेवढ्या वेळातच असते.

आणि यात लाजायचे काय? २००५ साली पुण्यातल्या एमफॅसिस कंपनीच्या कॉल सेंटरमधल्या काही कर्मचाऱ्यांनी सिटी बँकेच्या अमेरिकेतल्या ग्राहकांकडून गोड बोलून पिन काढून घेतले होते. सुमारे साडेतीन लाख डॉलर गेले. मदतीला आलेल्या आवाजावर त्या ग्राहकांनी विश्वास ठेवला, वहिनींनीही तेच केले.

शेवटी फोन लावला, कार्ड बंद झाले. पैसे वाचले. पण जन्मतारीख आणि आईचे नाव कुठल्या तरी यादीत जाऊन बसले, आणि ती काही नव्या कार्डाबरोबर बदलून मिळत नाहीत. मग नेट बँकिंगमधल्या ‘आईचे माहेरचे नाव’ या सुरक्षा प्रश्नाचे उत्तर बदलायला आम्ही बसलो. मी म्हणालो, “वहिनी, इथे खरंच उत्तर दिलं पाहिजे असं नाही. तुमच्या ध्यानात राहील आणि दुसऱ्या कुणाला सुचणार नाही, असं काहीही लिहा.” त्यांना ते पटेना. आईच्या नावाच्या जागी खोटे कसे लिहायचे? बराच वेळ त्या खिडकीतून विसापूर किल्ल्यावरच्या ढगांकडे पाहत राहिल्या. मग फोन माझ्यापासून वळवून घेतला, एक शब्द लिहिला आणि पदर सावरत उठल्या.

तो शब्द त्यांनी मला सांगितला नाही.