रिकामे ताट परत करू नये

दिवाळीत शेजारून फराळाचे ताट आले की ते रिकामे परत करायचे नाही, ही माझ्या आईची शिकवण. अनारसे बिघडले असतील तर असोत. निदान चिमूटभर साखर ठेवावी आणि मगच ताट परत धाडावे. मी कादंबऱ्या लिहितो, मुलांना मराठी शिकवतो आणि माझे शिक्षण म्हणाल तर जेमतेम मॅट्रिक. तेव्हा संगणकाच्या भानगडीत मास्तरांनी बोलू नये, असे आमच्या वाचनालयाच्या कार्यकारी मंडळाचे मत आहे. पण हा प्रश्न संगणकाचा नाहीच; ताटाचा आहे.

आज जगातल्या हजारो ग्रंथालयांचा कारभार 'कोहा' नावाच्या संगणकप्रणालीवर चालतो. पुस्तकांची नोंद, देवघेव, सभासदांची खाती, सारे तीत. तिचा जन्म न्यूझीलंडमधल्या लेव्हिन या लहानशा गावचा. 1999 साली तेथील होरोव्हेनुआ ग्रंथालय न्यासापुढे पेच पडला. जुनी प्रणाली 2000 सालापुढे चालणार नव्हती आणि बाजारातली नवी परवडणारी नव्हती. त्यांनी आपल्याच देशातल्या एका छोट्या कंपनीकडून नवी लिहवून घेतली. 3 जानेवारी 2000 रोजी ती कामाला लागली. आणि पदरच्या पैशाने करवून घेतलेली ही वस्तू कुलपात न ठेवता त्यांनी साऱ्या जगाला खुली करून दिली! 'कोहा' हा माओरी शब्द. अर्थ भेट, पण अशी भेट, की घेणाऱ्याने आपल्या परीने तिची फेड करावी हे गृहीतच असते. वाचकहो, हे आपले फराळाचे ताटच नव्हे काय?

हे ताट गेली पंचवीस वर्षे फिरते आहे. साधारण दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती निघते. कोणी दुरुस्ती पाठवली की ती दुसऱ्याने चालवून पाहायची व आपली सही द्यायची, तिसऱ्याने तपासायची, आणि मग त्या आवृत्तीची जबाबदारी शिरावर घेतलेल्या माणसाने स्वीकारायची. ही जबाबदारी कोणाकडे, हेही सर्वांसमक्ष ठरते. यात सगळेच संगणकतज्ज्ञ नसतात. चूक आढळली तर कळवणे, माहितीपुस्तिका लिहिणे, पडद्यावरचे शब्द आपल्या भाषेत आणणे, ही कामे ग्रंथपालाला येतात, मराठीच्या मास्तरालाही येतात. आणि प्रत्येक आवृत्तीबरोबर हात लावणाऱ्यांची नावे प्रसिद्ध होतात.

हे सारे दूरदेशीचे म्हणून झटकू नका. 2011 साली दिवाळी नुकतीच सरली असता कोहावाल्यांची जागतिक परिषद ठाण्यास भरली होती. ज्या ठाण्यात 1893 साली मराठी ग्रंथ संग्रहालय स्थापन झाले, त्याच ठाण्यात! पाहुणे आपल्या ओसरीवर येऊन गेले. आपण त्यांच्या ताटात काय ठेवले?

आमच्या वाचनालयाचेच सांगतो. माझी एक जुनी विद्यार्थिनी दोन वर्षे नोकरीवरून परस्पर तेथे येई आणि रात्री आठपर्यंत पुस्तकांच्या नोंदी करी. कपाटांतली एकूण एक पुस्तके तिने त्या प्रणालीत उतरवली. उद्घाटनाला अध्यक्षांना हार, उपाध्यक्षांना हार, खुर्च्या देणाऱ्या शेटजींना हार आणि शाल! ही पोरगी मागे विजेच्या बटणापाशी उभी. सभेत मी विचारले, तर उत्तर मिळाले, "अहो मास्तर, ती स्वयंसेविका. सेवेचे कसले नाव घ्यायचे?" तिला आढळलेल्या चुका कोहावाल्यांना कळवाव्यात, मराठी शब्दही सुधारून पाठवावेत, म्हणून तिने महिन्यातून एक दुपार वाचनालयाचा संगणक मागितला. त्यावर, "फुकट मिळाले आहे ना? मग आपल्याला काय करायचे आहे?"

ती यायची थांबली. तिच्या हाताखाली कोणाला तयार करावे, हे कोणालाच सुचले नव्हते. आज आमची देवघेव पुन्हा वहीत, पेन्सिलीने चालते.

तुम्ही म्हणाल, सेवा निष्काम असावी. असावी की! पण निष्काम व्हायचे ते देणाराने. घेणाराने त्याच्याकडून निष्कामपणा वसूल करायचा नसतो. आपण सेवेची स्तुती करतो ती बहुधा मोबदला टाळण्यासाठी, आणि मोबदला म्हणजे तरी काय? एक नाव, एक दुपार, मदतीला एक माणूस. स्वयंसेवा आपोआप चालते हा तर शुद्ध भ्रम आहे. कोणी काय करायचे, कधीपर्यंत, आणि तो थकला तर पुढे कोण, याची यादी ठेवणारा नसेल तर उत्साह दोन वर्षांत विझतो. लेव्हिनची भेट टिकली ती केवळ देणारे उदार होते म्हणून नव्हे. घेणाऱ्यांतले काहीजण नेटाने कामाला बसले म्हणून.

तेव्हा कोहा वापरणाऱ्या प्रत्येक वाचनालयाने आपल्या माणसाला महिन्याची एक दुपार द्यावी आणि वार्षिक अहवालात राबणाऱ्यांची नावे देणगीदारांच्या आधी छापावीत. चिमूटभर साखरच ही. मंडळाच्या तिजोरीला भोक पडणार नाही.

त्या मुलीचे नाव मी येथे लिहीत नाही. ते आमच्या वाचनालयाच्या अहवालात छापून यायला हवे. पुढच्या वार्षिक सभेत मी तेवढ्यासाठी उभा राहणार आहे, आणि मंडळाने बसा म्हटले तरी बसणार नाही.