सायकल : गरजेची आणि हौसेची

आमच्या अकोले तालुक्यात सायकलीला दोन किमती आहेत. एक दुकानदार सांगतो ती, आणि दुसरी समाज ठरवतो ती. दूध घालायला, दळण आणायला किंवा हायस्कूलला जायला जो सायकल वापरतो, त्याची समाजाच्या लेखी किंमत थोडी. परंतु मोटारीच्या टपावर सायकल बांधून जो मुंबई-पुण्याहून भंडारदऱ्याला येतो आणि रंगीत टोप घालून चढ चढतो, त्याच्याकडे सारा गाव कौतुकाने पाहतो. रस्ता तोच, चढ तोच, घामही तोच. मग हा फरक कशाचा? या प्रश्नाचा थोडा विचार व्हावा म्हणून हा लेखनप्रपंच.

सायकलीच्या हौसेचा विषय निघाला की इटलीचे नाव घ्यावेच लागते. तेथील टस्कनी प्रांतात डोंगरउतारावर द्राक्षांचे मळे, टेकडीच्या माथ्यावर तटबंदीची मध्ययुगीन गावे आणि त्यांना जोडणारे वळणावळणाचे रस्ते आहेत. जगभरातून लोक तेथे केवळ सायकल चालवायला जातात. ‘जिरो द इटालिया’ ही त्या देशाची मोठी शर्यत १९०९ साली एका क्रीडाविषयक वृत्तपत्राने सुरू केली. त्या वृत्तपत्राचा कागद गुलाबी, म्हणून १९३१ पासून आघाडीवरच्या स्पर्धकाला गुलाबी सदरा मिळू लागला. गिसालो नावाच्या घाटमाथ्यावर मेरीमातेचे एक लहानसे देऊळ आहे. पोपने १९४९ साली या मातेला सायकलस्वारांची संरक्षक देवता म्हणून मान्यता दिली. आत नामांकित खेळाडूंच्या सायकली टांगून ठेवल्या आहेत. यात आपण नवल मानण्याचे कारण नाही. दसऱ्याला सायकल धुऊन, हँडलला झेंडूची माळ घालून हळदकुंकू लावणारे आपणच ना?

मला त्या देशाविषयी खरे अगत्य वाटते ते फाउस्तो कोप्पीमुळे. ‘जिरो’ पाच वेळा आणि फ्रान्सची जगप्रसिद्ध शर्यत दोन वेळा जिंकणारा हा खेळाडू शेतकरी घरातला होता. पोरवयात तो एका खाटकाच्या दुकानी कामाला होता आणि सायकलवरून गिऱ्हाइकांना माल पोचवीत असे. डोंगरातले रस्ते त्याच्या पायांना ठाऊक झाले ते या कामामुळे. १९४८ सालच्या ‘बायसिकल थीव्ज’ या प्रसिद्ध चित्रपटात सायकल गेली म्हणून एका गरिबाची नोकरीच धोक्यात येते. म्हणजे इटलीत सायकल आधी पोटासाठी होती आणि तिचा खेळ झाला तो त्याच माणसांच्या डोळ्यांसमोर. ज्यांच्या पायांना गरजेने चढ शिकवला, त्यांच्यातूनच वीर निघाले.

आमच्याकडे मात्र गरजेचा सायकलस्वार वेगळा आणि हौसेचा वेगळा. दोघांची ओळखही नाही.

माझे वडील कित्येक वर्षे सायकलला दोन कॅन अडकवून डेअरीला दूध घालीत. पहाटे जाताना उतार असे, येताना चढ. देवाने निदान कॅन भरलेले असताना उतार दिला, असे ते म्हणत. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. मी सायकलवरून रतनवाडीला जाऊन येण्याची गोष्ट काढली तेव्हा आई म्हणाली, “एवढं शिकून सवरून पुन्हा सायकलच हाणायची, तर मग शिकायचं तरी कशाला?” आईचा हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. तिने सायकल पाहिली ती हौस म्हणून नव्हे, तर दुसरे काही परवडत नाही म्हणून. आमच्या पिढीला शिक्षण मिळाले की पहिले काम सायकल विकण्याचे आणि दुसरे मोटारसायकलचा हप्ता सुरू करण्याचे! सायकलवर मागे वळून पाहण्याची कोणाची इच्छा नाही, कारण तेथे कष्ट उभे आहेत. साहिबाबादचा ‘अ‍ॅटलास’ सायकलचा कारखाना ३ जून २०२० रोजी बंद पडला. तो नेमका जागतिक सायकल दिन होता, तरी आमच्याकडे त्याची कोणाला हळहळ वाटल्याचे मी ऐकले नाही.

“त्या लोकांत दम असतो, आपल्याला घाट जमायचा नाही,” असे आमच्या वर्गातली मुले म्हणतात. हे गणित चुकीचे आहे. फरक छातीत नसून दात्यांत आहे. साध्या काळ्या सायकलीला पुढे सुमारे ४४ दाते आणि मागच्या फ्रीव्हीलला १८. म्हणजे पायडलच्या एका फेरीत चाक जवळजवळ अडीच फेऱ्या फिरते. सपाटीवर हे सोयीचे, चढावर मात्र जीव घेणारे. गिअरच्या सायकलीत पुढे ३४ आणि मागेही ३४ दाते जुळवता येतात. मग पायडलच्या एका फेरीला चाकाची एकच फेरी. वेग कमी, पण चढ हलका. शिवाय वजनही निम्म्याच्या आसपास. अशा सायकलीवर चढणाऱ्याचे कौतुक जरूर करावे, परंतु दोन कॅन घेऊन एकाच गिअरवर चढणाऱ्याला काय म्हणावे, तेही एकदा ठरवावे.

आता आपल्या रस्त्यांविषयी. भंडारदऱ्याचे धरण १९१० ते १९२६ या काळात प्रवरेवर बांधले गेले. त्याच्या जलाशयाभोवती शेंडी, मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी, मुतखेल आणि पुन्हा शेंडी असा सुमारे चाळीस किलोमीटरचा फेरा होतो. एका बाजूला १६४६ मीटर उंचीचे कळसूबाई, पुढे अलंग, मदन, कुलंग हे दुर्ग, घाटघरला कोकणात कोसळणारा कडा, साम्रदला सांधण दरी. मोटारीने येणारा मनुष्य यांतल्या तीन ठिकाणी उतरतो, फोटो काढतो आणि गेला. सायकलवरच्याला भाताची खाचरे दिसतात, वाळत घातलेला हिरडा दिसतो, आणि चढावर दम खाताना एखादी म्हातारी “कुढं निघालीस गं?” म्हणून विचारते. नगर जिल्हा म्हटले की लोकांना दुष्काळ आठवतो. याच जिल्ह्यात घाटघर-रतनवाडीला काही वर्षी पाच हजार मिलिमीटरवर पाऊस पडतो, हे किती जणांना ठाऊक आहे?

मध्ययुगीन गावांसाठी टस्कनीच कशाला हवी? रतनवाडीचे अमृतेश्वराचे मंदिर पाहा. पायथ्यापासून शिखरापर्यंत दगडाला कोरीव काम. जवळच पुष्करणी, तिच्या भिंतींतल्या कोनाड्यांत मूर्ती. अकोल्याच्या उत्तरेला आढळा नदीच्या काठी टाहाकारीचे जगदंबेचे मंदिर आहे, तीन गाभाऱ्यांचे. त्याच बाजूला पट्टा किल्ला. जालन्याच्या स्वारीनंतर १६७९ साली शिवाजी महाराजांनी तेथे विश्रांती घेतली म्हणून तो विश्रामगड झाला. इतिहासाच्या पेपरात यादवकालीन स्थापत्यावर पंधरा गुणांचे उत्तर आम्ही पाठ करतो. टाहाकारीला जाऊन आलेले आमच्या वर्गात किती? मी विचारले होते. नवरात्रात जत्रेला गेलेल्या दोघी निघाल्या, आणि त्यांनी गर्दीत खांब पाहिलेच नव्हते.

इटलीची एक गोष्ट मात्र आपण जशीच्या तशी घेऊ नये. टस्कनीतील गायोले गावी १९९७ साली ‘एरोइका’ नावाची सायकलफेरी सुरू झाली. १९८७ पूर्वीच्या जुन्या धाटणीच्या सायकली घेऊन लोक तेथल्या पांढऱ्या मुरमाड रस्त्यांवर येतात. ते कच्चे रस्ते डांबराखाली जाऊ नयेत, हा फेरीचा हेतू. विचार मोहक आहे. पण आमच्या वाड्या-पाड्यांवर पावसाळ्यात आजारी माणूस झोळीतून आणावा लागतो तेव्हा कच्च्या रस्त्याचे सौंदर्य कोणाला सुचत नाही. आम्हांला डांबर हवे आहे, आणि तेही दोन पावसांत वाहून न जाणारे. जानेवारी २०२६ मध्ये पुणे जिल्ह्यात ‘पुणे ग्रँड टूर’ ही आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत झाली, तेव्हा मार्गावरचे रस्ते झटून नवे करण्यात आले. परदेशी चाकांसाठी रस्ता गुळगुळीत होऊ शकतो, तर पाच-सहा किलोमीटरवरून हायस्कूलला येणाऱ्या मुलींच्या चाकांसाठी का होऊ नये? शर्यत दर वर्षी भरो. परंतु रस्ता त्या मुलींच्या पायांनी मोजला जावा.

आणखी एक. मे-जूनमध्ये काजवे पाहायला भंडारदऱ्याकडे मोटारींची रीघ लागते. ज्या अंधारासाठी यायचे, तोच अंधार हेडलाइटने फोडायचा! त्या दिवसांत शेंडीपासून पुढे पाहुण्यांनी सायकलने किंवा पायी जावे, आणि सायकली भाड्याने देण्याचा धंदा त्या-त्या गावच्या पोरांनी करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. अर्थात म्हाताऱ्यांसाठी, आजाऱ्यांसाठी वाहन असावेच.

जिमखाना समितीकडे माझी मागणी साधी आहे. दर वर्षी सहलीची बस अजिंठा नाहीतर महाबळेश्वरला जाते. यंदा दिवाळीनंतर, पाऊस थांबलेला आणि पाणी भरलेले असताना, एक सहल सायकलवर काढावी. पहिल्या दिवशी टाहाकारी, पुढच्या रविवारी भंडारदऱ्याचा फेरा. इतिहासाच्या सरांनी बरोबर यावे. सरांना चढ जड गेल्यास आम्ही सायकल ढकलू. पंक्चरचे सामान आणि हवेचा पंप मी आणीन. आमच्या वर्गातून अकरा नावे आली आहेत, त्यांत सहा मुली. सायकली मात्र अजून सातच जमल्या आहेत.