वणवा विझवला, पुढे काय?

फाल्गुनात रात्रीच्या एसटीने पुण्याहून साताऱ्याकडे निघाले, की डोंगराच्या अंगावर तांबडी, वेडीवाकडी रेघ सरकताना हमखास दिसते. ‘रान जाळले की गवत जोमाने येते’, असे गावकरी सांगतात; वृक्षप्रेमी ओले डहाळे घेऊन वणवा विझवायला धावतात. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, पण अर्धेच.

गवताचा वाढता कोंब जमिनीलगत असतो. पाती जळाली तरी बुडखा शाबूत राहतो. झुडपाचा कोंब शेंड्याला. आगीनंतर त्याला बुडापासून पुन्हा सुरुवात करावी लागते. म्हणून अधूनमधून लागणारी आग माळ मोकळा राखते. पण दरवर्षी जाळले आणि वर बेसुमार चराई झाली, तर गवतागवतांतच जुंपते. मारवेल, पवन्या ही सकस गवते मागे पडतात आणि कुसळी माजते. तिची करामत पाहण्यासारखी आहे. बियाचे लांब कुसळ ओलाव्याने पीळ सोडते, उन्हाने पुन्हा पीळ घेते आणि गिरमिटासारखे बी मातीत घुसवते. वरून आग निघून जाते, बी सुरक्षित! हीच कुसळे पुढे मेंढ्यांच्या लोकरीतून कातडीत रुततात. चाऱ्यासाठी लावलेली आग अशी चाऱ्याच्याच मुळावर येते.

मग आग बंदच करावी? शेजारच्या कर्नाटकात, बिलिगिरी रंगन टेकड्यांत, ते करून झाले आहे. तिथले सोलिगा आदिवासी उन्हाळ्याच्या तोंडाशी पाचोळ्याला हलक्या आगी लावत. १९७४ मध्ये अभयारण्य झाले, पुढे आगीला मज्जाव झाला आणि काही दशकांत घाणेरीने रान व्यापले. मूळची अमेरिकेतली, बागेच्या शोभेसाठी आपल्याकडे आणलेली ही घाणेरी! बंदी हे एकच कारण नसेलही. सोलिगा मात्र तिच्याकडेच बोट दाखवतात. कोवळी रोपे आगीत मरत, असे ते सांगतात. एकदा दाटी झाली, की खालच्या गवताला ऊन मिळत नाही. नंतर जाळूनही उपयोग नसतो. घाणेरी बुडातून फुटते आणि तिच्या वाळक्या जाळीवरून ज्वाळा झाडांवर चढतात.

आपल्याकडे उघडा माळ दिसला, की खड्डे खणायची घाई! २०१९ मध्ये राज्याने ३३ कोटी रोपे लावण्याचा संकल्प सोडला. सरकारी नकाशात माळ बहुधा ‘पडीक’ म्हणूनच नोंदलेला असतो. मेंढ्या घेऊन फिरणाऱ्या धनगराला तो तसा दिसत नाही.

राखलेल्या कुरणात दिवाळीनंतर गवत कापून गंजी रचायची जुनी रीत होती. डोंगर पेटायच्या दिवसांपर्यंत गवत घराशी आलेले असे. आता कापणीची मजुरी परवडत नाही, आणि काडी ओढायला माणूस लावावा लागत नाही.