नाव काकडीचे, जीव त्रस

समुद्रकाकडी हे नाव ऐकताच भाजीचा भास होतो. वास्तविक हा तारामाशाच्या कुळातील, कंटकचर्मी वर्गाचा प्राणी आहे. तमिळ कोळी त्यास ‘कडल अट्टै’, म्हणजे समुद्रातील जळू, म्हणतात. तेही शास्त्रदृष्ट्या अचूक नाही. पण त्या नावात निदान जीव तरी ओळखला गेला आहे.

जगात समुद्रकाकडीच्या सुमारे १,७०० जाती आहेत. काही बोटाच्या पेराएवढ्या, काही दोन मीटरहून लांब. काही उथळ प्रवाळांवर, तर काही सूर्यप्रकाश कधीच न पोहोचणाऱ्या खोल गाळात. या जिवाला मेंदू नाही, बहुतेक जातींना डोळेही नाहीत. मुखाभोवतीच्या स्पर्शकांनी तो वाळू गिळतो, तीतील कुजके कण पचवतो आणि स्वच्छ वाळू मागे टाकतो. श्वास घेतो तो गुदद्वारावाटे पाणी आत ओढून! शत्रू भिडला की काही जाती स्वतःची आतडीच बाहेर टाकतात आणि काही आठवड्यांत नवी निर्माण करतात. कृमी व शंख यांना आगमांनी द्वींद्रिय म्हटले आहे. समुद्रकाकडी कोठे बसते, हे जाणत्यांनी ठरवावे. ती त्रस आहे, याविषयी मात्र संशय नको.

हाच मुका जीव आतडी काढून, उकळून, वाळवून चीनच्या बाजारात मोठ्या किमतीला विकला जातो. नर-मादी आपली बीजे पाण्यात सोडतात. उपशाने संख्या विरळ झाली की ती बीजे एकमेकांना भेटतच नाहीत. म्हणूनच उपसा थांबल्यावरही ओसाड झालेला तळ लवकर भरत नाही. मन्नारच्या आखातात असा उपसा दीर्घकाळ चालला. अखेर २००१ साली भारताने समुद्रकाकडीला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातले. तेव्हापासून तिची शिकार आणि विक्री गुन्हा आहे. २०२० साली लक्षद्वीपच्या चेरियापाणी येथे २३९ चौरस किलोमीटरचे क्षेत्र खास तिच्यासाठी राखण्यात आले.

मलेशियात तिला ‘गमत’ म्हणतात व तिच्यापासून तेल, साबण आणि कॅप्सूल बनवतात. परदेशातून आलेल्या किंवा आयात करावयाच्या मालाच्या घटकयादीत ‘गमत’, ‘त्रिपांग’ अथवा ‘सी क्युकंबर’ असे नाव दिसले, तर ती वेलीवरची काकडी नव्हे.