घर थंडीत दाखवा, पावसाळ्याचंही सांगा

घर विकायचं ठरलंय, पण ‘थंडी सरू दे, पाडव्यानंतर बघू’ असं घरात चाललं असेल, तर माझं ऐका आणि पाडव्यापर्यंत थांबू नका. दारावरचा आकाशकंदील उतरवला की कामाला लागा. पुणे, नाशिक, ठाण्यासारख्या आपल्या शहरांतल्या वापरलेल्या फ्लॅटबद्दल, म्हणजे रीसेलच्या घराबद्दल मी हे सांगतेय.

घेणाऱ्याच्या बाजूनं मागे मोजत या. मुलांची शाळा बदलायची, तर राज्य मंडळाच्या शाळा जूनच्या मध्यावर उघडतात आणि सीबीएसईच्या एप्रिलमध्येच. रंगरंगोटी करून राहायला यायचं म्हणजे किल्ली एप्रिल-मेमध्ये हातात हवी. त्याआधी बँकेचं कर्ज असतं. वकिलाचा शोध अहवाल, घराचं मूल्यांकन आणि मंजुरी यात महिना-दीड महिना सहज जातो. म्हणजे विसार जानेवारी-फेब्रुवारीत व्हायला हवा. पहिलंच घर बघून कोणी विसार देत नाही, दहा-पंधरा घरं पालथी घातल्यावर देतो. ज्याला खरोखर घर हवंय, तो डिसेंबरात इमारतींचे जिने चढत असतो. तेव्हा तुमचं घर बाजारात नसेल, तर तो शेजारच्या गल्लीतलं घेऊन मोकळा होतो.

मधे पौष येतो. पौषात विसार नको म्हणणारे पुष्कळ आहेत. त्यांच्याशी वाद घालू नका आणि त्यांच्यामागे लागूही नका. ते घर बघायला येतात, कागद मागतात, बँकेत चौकशी करतात. माघ लागला की पैशाचं बोलतात.

आता उजेडाचं. आपल्याकडे डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. पुण्यात भर दुपारीसुद्धा तो क्षितिजापासून ४८ अंशांच्या आसपासच चढतो. दक्षिणेच्या खिडकीची वरची कड सात फुटांवर असेल आणि बाहेर मोठा छज्जा नसेल, तर ऊन सहा फूट आत फरशीवर येतं. मे महिन्यात त्याच खिडकीत ऊन नसतं. म्हणून अशा खोलीतला जाड पडदा काढून ठेवा आणि माणसं शनिवारी-रविवारी सकाळी अकरानंतर बोलवा. ऑफिस सुटल्यावर येतो म्हणाले, तर पहिल्या भेटीला नको म्हणा. सहाला अंधारतं, आणि ट्यूबलाइटच्या उजेडात कुठलंही घर परक्यासारखं दिसतं. घर उत्तरेकडे तोंड करून असेल, तर थंडीत ते गारच लागणार. ते कबूल करा आणि एप्रिलमध्ये पंख्यावर भागतं हेही सांगा, दोन्ही खरं आहे. आणि थंडी म्हणून खिडक्या बंद ठेवलेल्या घराला कोंदट वास येतो, तो राहणाऱ्याला कळत नाही. तास-दोन तास आधी सगळं उघडून ठेवा.

पण ज्याच्यासाठी मी हे लिहायला बसले, ते निराळंच आहे. हिवाळ्यात घराच्या भिंती कोरड्या असतात. पावसाळ्यात पश्चिमेच्या भिंतीवर आलेला ओलीचा नकाशा डिसेंबरात फिका पडतो. थोडे पोपडे, थोडा लोणा, एवढंच राहतं. त्यावर पुट्टी मारून दोन हात रंग दिला की काहीच दिसत नाही. आईबाबांचं घर विकताना आम्ही हेच केलं. कोणी मुद्दाम फसवायचं म्हणून केलं नाही. ‘रंग तर द्यायलाच हवा’ असं म्हणत केलं. आणि घेणाऱ्यांनी विचारलं नाही, म्हणून आम्हीही सांगितलं नाही. जून संपताना घर घेतलेल्या बाईंचा फोन आला. त्या भांडल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, “ताई, त्या भिंतीला दरवर्षी असं होतं का? बाळाचा पाळणा तिकडेच आहे.” त्यावर मला उत्तर देता आलं नाही. वॉटरप्रूफिंगचा निम्मा खर्च आम्ही नंतर दिला, पण तो पैसा त्या प्रश्नापुढे फार थोडा होता.

कायदाही याबाबतीत स्पष्ट आहे. १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार, विकणाऱ्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला नेहमीच्या काळजीनं पाहूनही न दिसणारा मोठा दोष सांगणं हे विकणाऱ्याचं कर्तव्य आहे. घेणाऱ्यानं विचारलं नाही, हे उत्तर तिथे चालत नाही. तेव्हा रंग जरूर द्या, पण आधी गळती कुठून येते ते शोधून ती बंद करा. थंडीचे कोरडे दिवस त्या कामाला उत्तम असतात. जमत नसेल, तर पावसाळ्यातला भिंतीचा फोटो स्वतःहून दाखवा आणि किंमत त्या हिशेबानं ठरवा. माझा अनुभव सांगते, खरं सांगितल्यावर माणसं निघून जात नाहीत. ती बसतात आणि पाणी मागतात.

किंमत ठरवताना शेजाऱ्यांच्या सांगण्यावर जाऊ नका. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्च आहे. तुमच्याच इमारतीतले अलीकडचे दस्त आणि त्यांतल्या रकमा तिथे दिसतात.

कागदांना मात्र पौषातच हात घाला. मूळ करारनामा, इंडेक्स टू, शेअर सर्टिफिकेट, मिळकतकराची पावती, सोसायटीची थकबाकी नसल्याचं पत्र, सगळं एका फायलीत हवं. घरावरचं कर्ज फिटलंय पण मूळ कागद बँकेतच पडलेत, असं फार घरांत असतं. रिझर्व्ह बँकेच्या २०२३च्या आदेशानुसार कर्ज पूर्ण फिटल्यापासून ३० दिवसांत कागद परत मिळायला हवेत आणि बँकेच्या चुकीनं उशीर झाला, तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई आहे. सोसायटीनं ‘ट्रान्सफरचे लाखभर द्या’ म्हटलं, तर घाबरू नका; महापालिका हद्दीतसुद्धा हस्तांतरणाचं अधिमूल्य २५,००० रुपयांवर घेता येत नाही.

घर दिवंगत वडिलांच्या नावावर असेल, तर आणखी आधी उठा. सोसायटीत नॉमिनी म्हणून आईचं नाव आहे, एवढ्यानं आई एकटी मालक होत नाही. सगळ्या वारसांच्या सह्या किंवा हक्कसोडपत्र लागतं. एक भाऊ अमेरिकेत असेल, तर तो बहुधा नाताळच्या सुट्टीत येतो. हेही हिवाळ्यात हालचाल करायचं एक मोठं कारण आहे. त्याच्या त्या दोन आठवड्यांत सह्या उरका. तो अनिवासी असल्यानं त्याच्या वाट्यावर घेणाऱ्याला नेहमीच्या १ टक्क्यापेक्षा बराच जास्त कर कापावा लागतो. कमी कपातीचा दाखला आयकर खात्याकडून मिळतो, पण त्याला काही आठवडे लागतात.

आणि मार्च. घेणारा म्हणेल, ३१ मार्चच्या आत उरकू, १ एप्रिलला रेडी रेकनर वाढला तर मुद्रांक शुल्क वाढेल. त्याचं बरोबर आहे. पण मुद्रांक शुल्क भरून सह्या झालेला दस्त चार महिन्यांत नोंदवता येतो, त्यामुळे मार्चच्या शेवटच्या आठवड्यात नोंदणी कार्यालयाबाहेर म्हाताऱ्या आईला ताटकळत ठेवायची गरज नाही. तुमचा हिशेब वेगळा आहे. दोन वर्षांहून जास्त काळ ठेवलेल्या घरावरचा नफा दीर्घ मुदतीचा धरला जातो आणि त्यावर साधारण १२.५ टक्के कर लागतो. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घरासाठी, तुम्ही भारतात राहणारे असाल तर, महागाईची वजावट घेऊन २० टक्क्यांचा पर्यायही आहे. दुसरं घर घेऊन कर वाचवायला विक्रीनंतर दोन वर्षं मिळतात. पण तोवर न वापरलेली रक्कम विवरणपत्राच्या मुदतीआधी, साधारणपणे ३१ जुलैपूर्वी, बँकेत भांडवली नफ्याच्या खास खात्यात ठेवावी लागते. विक्री मार्चअखेर झाली, तर त्याला चार महिने मिळतात. तीच एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात झाली, तर पुढच्या वर्षीचा जुलै येईपर्यंत वेळ आहे. ताबा आणि दस्त यांतली कुठली तारीख धरायची, हे सीएला विसार घेण्याआधी विचारा, नंतर नाही. आणि विसार धनादेशानं किंवा बँकेतूनच घ्या. जागेच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रोख घेणं कायद्यानं बंद आहे, कोणी कितीही आग्रह केला तरी.

पुढे बहिणीचं घर विकलं, तेव्हा किल्ल्यांबरोबर एक वहीचं पान दिलं. गच्चीचा पाइप कुठे तुंबतो, जुलैत कुठली खिडकी बंद ठेवावी लागते, पाण्याची मोटर कितीला लागते, आणि नेहमीच्या प्लंबरचा नंबर. त्यांनी ते फ्रिजवर लावलं. ऑगस्टमध्ये फोन आला, तेव्हा पलीकडून एवढंच विचारलं, “तुळस कुठल्या कोपऱ्यात ठेवायचात तुम्ही?”