वारसांचे हिस्से पडोत, धंद्याचे तुकडे नकोत

बाप आयुष्यभर राबून धंदा उभा करतो आणि त्याचे डोळे मिटताच मुले दुकानाच्या मध्ये भिंत घालतात. बहिणींचा हक्क तर "धंदा मोडावा लागेल" या सबबीखाली बुडवला जातो. तुर्कस्तानातील मोठ्या उद्योगसमूहांनी वाटणीचा हा प्रश्न कसा सोडवला, हे आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांनी समजून घ्यावे.

वेहबी कोच यांनी अंकारात वडिलांच्या किराणा दुकानातून सुरुवात केली. १९२६ साली पेढी त्यांच्या नावावर झाली. पुढे घरगुती यंत्रे व मोटारींचे कारखाने निघाले. आपल्यामागे हा पसारा विखुरू नये म्हणून १९६३ मध्ये त्यांनी 'कोच होल्डिंग' स्थापन केली. तुर्कस्तानातील ही पहिली होल्डिंग कंपनी. अशी कंपनी निरनिराळ्या कंपन्यांचे शेअर बाळगते आणि तिच्या शेअरचा मोठा वाटा कुटुंबाकडे असतो. वारसांत शेअर वाटले जातात, कारखाना अखंड राहतो. तेथे वारसा दिवाणी कायद्याने ठरतो. परंतु शरीयतने नेमून दिलेला मुलीचा हिस्साही याच रीतीने देता येईल.

वेहबींनी १९८४ मध्ये, म्हणजे मृत्यूच्या बारा वर्षे आधी, अध्यक्षपद मुलाकडे सोपवले. रोजचा कारभार पगारी मुख्याधिकारी पाहतो. १९६९ मध्ये स्थापन झालेला कोच वक्फ होल्डिंगचा भागीदार असून शाळा, विद्यापीठ, रुग्णालये चालवतो. कापसाच्या धंद्यातून वर आलेल्या अदानाच्या सबांजी घराण्यानेही, हाजी ओमेर यांच्या निधनानंतर, १९६७ मध्ये होल्डिंग काढली. २००४ मध्ये तिचे अध्यक्षपद पुतणीकडे, गुलेर सबांजी यांच्याकडे गेले.

मात्र या रचनेत धोकाही आहे. वरची एक कंपनी मुठीत असली की खालच्या अनेक कंपन्यांवर आणि त्यांतील परक्यांच्या पैशावर एकाच घराण्याचा हुकूम चालतो. उझान घराण्याच्या इमार बँकेचा परवाना २००३ मध्ये रद्द झाला, तेव्हा दफ्तरी दाखवलेल्या ठेवींपेक्षा खऱ्या ठेवी कित्येक पटींनी जास्त निघाल्या. दुहेरी वह्यांचा हा खेळ घराण्याला भोवला. २००४ मध्ये सरकारी ठेव विमा निधीने या समूहाच्या दोनशेहून अधिक कंपन्या ताब्यात घेतल्या. तेथील नोंदणीकृत कंपन्यांना स्वतंत्र संचालक नेमण्याची सक्ती २०१२ पासून झाली.

आपले दुकान लहान असेल, पण तत्त्व तेच आहे. भागीदारीचा लेखी करार, प्रत्येकाचा ठरलेला हिस्सा, घरखर्चाची व धंद्याची वेगळी वही आणि बाहेरच्या माणसाकडून दरवर्षी हिशेब तपासणी, एवढे तरी आपण करू शकतो. व्यवहार लिहून ठेवा, साक्षीदार करा, ही ताकीद सूरह बकरामध्ये आहेच. भावाभावांतही वही स्वच्छ ठेवण्याने विश्वास कमी होत नाही. वडील हयात असतानाच हे काम झाले, तर वारसांना कोर्टाची पायरी चढावी लागणार नाही.